शेजारणीचा बदाम
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी बुरशी रंगवायच्या निळ्या औषधाचा वास आला की मला आदिलाबादची आमची शेजारीण आठवते. तिच्या बदामाची पानं तपकिरी डाग पडून गळायला लागली, तेव्हा कुंपणावरून ती माझ्या आईला म्हणाली, “साबणाचं पाणी टाकून माझं झाड मारून राह्यली तू.” आई बादली घेऊन घरात गेली, मी मात्र एक गळलेलं पान उचललं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या डागात बुरशीचे सुईसारखे बीजाणू दिसले. त्यांचा फोटो तिच्यापुढे धरून मी म्हणालो, “काकू, ही बुरशी हाय.” तिनं तो नीट पाहिला. “मंग हे बी तुमच्याच घरून आलं असन,” म्हणाली आणि फाटक लावून घेतलं. उन्हाळ्यात बदामाला नवी पालवी फुटली, तर आपण कुंपणावरून खडसावलं म्हणून झाड वाचलं, असं ती गल्लीभर सांगत फिरली. आता मी मुलांना बुरशी ओळखायला शिकवतो, पण आदिलाबादला गेलो तरी त्या झाडाच्या सावलीला अजून उभा राहत नाही; एखादं पान गळलं तर ते माझ्याच नावावर जायचं.