गोधडीचा घास

मी गोधड्या शिवतो आणि त्यात कोणाच्या बापाचं काही जात नाही.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुरुष माणूस, तोही लाइनमन म्हणून रिटायर झालेला, मांडी घालून सुईत दोरा ओवताना दिसला की मोताळ्यातल्या लोकांना एकदम कंठ फुटतो. ज्यांना स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही ते मला येऊन सांगतात, "काका, आता बाजारात ब्लँकेट भेटते." भेटतं ना! वाघाचं चित्र असलेलं, हात फिरवला की चटचट करणारं. (त्या वाघाला माझी एवढीच विनंती आहे की त्यानं एकदा पांघरणाऱ्याला खाऊन टाकावं.) मी जन्मभर खांबावर चढून तारा जोडल्या. जोड कच्चा राहिला तर अख्खं गाव अंधारात, आणि शिव्या मला. असा हात बसलेला माणूस टाका कच्चा घालत नाही.

बाकीचे काय दिवे लावतात ते मी पाहिलेलं आहे. दुसरबीडला माझी मोठी बहीण आहे, तीही गोधड्या शिवते, म्हणजे तिचं तसं म्हणणं आहे. तिचे टाके इतके लांब की पांघरून झोपलेल्या माणसाच्या पायाची बोटं त्यात अडकतात आणि सकाळी त्याला सोडवावं लागतं. मशीनवर गोधडी मारणारे तर मी माणसात धरत नाही. आणि शहरातले काही लोक म्हणे गोधडी विकत घेऊन भिंतीवर टांगतात. थंडी काय भिंतीला वाजते?

माझ्या या कलेचं घरात जे स्वागत झालं ते काय सांगावं! आमची सुमन (माझी बायको, स्वभावानं चांगली, पण गोधडीच्या बाबतीत अडाणी) आधी जुन्या साड्या भांडेवालीला द्यायची आणि बदल्यात स्टीलचे डबे घ्यायची. मी रिटायर झालो आणि सगळ्या साड्या जप्त केल्या. तेव्हापासून भांडेवाली दारात आली की दोघी माझ्याकडे बोट दाखवून हळू आवाजात बोलतात. समोरच्या खोलीत माझी गोधडी पसरलेली असते, चार कोपऱ्यांना वजन म्हणून पाटा, वरवंटा, इस्त्री आणि सुमनचा कुकर. स्वयंपाकाच्या वेळी कुकर मागितला की मी थोडा वेळ थांब म्हणतो, आणि मग जे सुरू होतं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

या सगळ्यात तेल ओतलं ते आमच्या व्याह्यांनी. माझी मुलगी प्रज्ञा जळगाव जामोदला दिलेली आहे. तिचे सासरे म्हणजे शेतकरी गडी, मिशा पिळदार, आवाज असा की फोनची गरज नाही. त्यांना पवळ्या नावाचा बैल आहे. स्वतःच्या मुलाबद्दल, म्हणजे आमच्या जावयाबद्दल, ते कधी दोन शब्द चांगले बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण पवळ्याची शिंगं, पवळ्याचं वशिंड, पवळ्याची चाल हे सुरू झालं की जेवण थंड होतं. तर हे गृहस्थ मागच्या वेळी आले, मला सुई घेऊन बसलेलं पाहिलं, आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "इवाई, हे बायायचं काम तुमी काऊन करून राह्यले?" आणि स्वतःच हसले. हसता हसता तोंडातली सुपारी माझ्या अस्तरावर पडली. डाग अजून आहे.

त्या दिवसापासून सुमनला जोर चढला. या हिवाळ्यात व्याही मोताळ्याच्या बाजारात पवळ्याला जोडी पाहायला येणार असा प्रज्ञाचा फोन आला, आणि सुमननं माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवले.

"इवायानं तुमच्या गोधडीले एकडाव तरी चांगलं म्हटलं, त खुशाल शिवत बसा, मी तोंड उघडणार नाई. अन् नाई म्हटलं, त ह्या सगळ्या चिंध्या भांडेवालीले. सुई माह्याजवळ जमा."

"मंजूर," मी म्हणालो. लाइनमन जिवंत तारेला भीत नाही, हा तर व्याही.

मग मी जी गोधडी शिवली तशी मोताळा तालुक्यात झाली नसेल. आत सात थर. वरून माझ्या खाकी वर्दीचं ठिगळ, प्रज्ञाच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचं ठिगळ, सुमनच्या लग्नानंतरच्या पहिल्या साडीचा काठ, मधोमध माझ्या बापाच्या पांढऱ्या धोतराचा चौकोन. टाका तांदळाएवढा. डोळ्यांची वाट लागली, मान आखडली, पण मी हटलो नाही.

आता शेवटचा कोपरा. आमच्या घरची रीत अशी की गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी तिच्या पोटात एक घास ठेवायचा. माझी माय ठेवायची. उपाशी गोधडी ऊब धरत नाही, असं ती म्हणायची. नखाएवढा भाकरीचा तुकडा, तोही कडक वाळवलेला, थरांमध्ये सरकवायचा आणि टाके घालून टाकायचे. आणि एकदा घातलेला घास पुन्हा काढायचा नाही. माझी दुसरबीडची बहीण तर बिस्किटाचा चुरा घालते. चुरा! दारात आलेल्या भिकाऱ्यालाही कोणी देत नाही.

व्याही खरं तर आदल्या दिवशी यायचे होते. सुमननं पुरण घातलं, पोळ्या केल्या, आणि व्याह्यांचा फोन आला की आज नाही, उद्या येतो. पोळ्यांची चळत डब्यात, तुपाची वाटी शेजारी, आणि मी हातात सुई घेऊन. मनात आलं, मायकडे नव्हतं म्हणून तिनं वाळली भाकर घातली. मी पेन्शनवाला माणूस, मी हात का आखडता घ्यावा? एवढ्या देखण्या गोधडीनं कधी तरी चांगलंचुंगलं खाऊ नये? मी अर्धी पुरणपोळी घेतली, तुपात नीट बुडवली, थरांच्या आत सारली आणि कोपरा बंद केला. सुमननं रात्री पोळ्या मोजल्या आणि विचारलं, एक अर्धी कशी? मी म्हणालो, मी खाल्ली. तिचा विश्वास बसला, कारण तेच माझ्या स्वभावाला धरून होतं.

गोधडी रात्रभर भिंतीला लागून पलंगावर घडी करून ठेवली होती. त्या भिंतीला एक बारीक भेग आहे. बुजवायची होती, पण गोधडीपायी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. बाजारात बैल पाहिले, पवळ्याच्या तोडीचा एकही नाही असं जाहीर केलं, पाच पोळ्या खाल्ल्या आणि जरासक आडवा होतो म्हणून त्याच पलंगावर पडले. बाहेर गार वारं सुटलेलं. मी गोधडी झटकन उघडून त्यांच्या अंगावर घातली, चारही बाजूंनी दाबून बसवली आणि उशाशी खुर्ची ओढून बसलो. सुमन दारात उभी. दोघांचेही कान व्याह्यांच्या तोंडाकडे.

थोडा वेळ गेला. व्याही हलले. मग जोरात हलले. मी म्हणालो, "ऊब लागली ना?"

"लागली," ते म्हणाले. आवाज जरा चढलेला होता.

मी सुमनकडे विजयी नजर टाकली. व्याही या कुशीवरून त्या कुशीवर झाले, पाय झाडला, मान खाजवली. मला वाटलं, माणूस गोधडीत रमला. म्हणून मी त्यांना ठिगळांची माहिती द्यायला लागलो. हे माझ्या वर्दीचं, हे प्रज्ञाच्या फ्रॉकचं, तुमच्या सुनेनं हा फ्रॉक घालून पाचवीत बक्षीस घेतलेलं आहे. आता सुनेच्या फ्रॉकखालून कोणता सासरा उठून पळेल? व्याह्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेला माणूस, तक्रार करणंही वाईट दिसतं. ते नुसते दात आवळून हं हं करत होते. मधेच त्यांनी गोधडी बाजूला सारायचा प्रयत्न केला, तर मीच पुन्हा दाबून बसवली. गार वारं आहे, म्हटलं, संकोच करू नका.

शेवटी ते ओरडले. साधं ओरडणं नव्हतं ते, पवळ्याला शेताच्या त्या टोकावरून हाक मारावी तसं होतं. गोधडी उडाली, व्याही उभे, सदरा बाहेर, आणि अंगभर लाल मुंग्या. काही तर अशा ठिकाणी शिरल्या होत्या की ते ठिकाण व्याह्यानं व्याह्याला दाखवायचं नसतं. ते मोरीकडे धावले. मी मागं तेलाची बाटली घेऊन धावलो, तर त्यांनी दार आतून लावून घेतलं.

सुमननं गोधडी उचलून पाहिली. भिंतीच्या भेगेपासून गोधडीच्या कोपऱ्यापर्यंत मुंग्यांची शिस्तीत रांग. तिनं कोपरा दाबला, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तूप आहे," ती म्हणाली. "अर्धी पोळी."

मी वर पंख्याकडे पाहिलं.

तिचं म्हणणं साधं होतं, कोपरा उसवा आणि पोळी फेका. मी साफ नाही म्हटलं. घातलेला घास काढत नसतात, गोधडीच्या तोंडातला घास ओढायला मी काय वैरी आहे? मी गोधडीला समजून घे म्हणत होतो, ती ह्यांना दवाखान्यात न्या म्हणत होती. मग तिनं मुंग्यांवर उपाय म्हणून हळदीचा डबा आणला आणि बापाच्या पांढऱ्या धोतरावर मूठभर उधळली. मुंग्या गेल्या नाहीत, पिवळ्या झाल्या. मी गोधडी घेऊन अंगणात पळालो आणि उन्हात कंपाउंडच्या भिंतीवर टाकली. उन्हानं मुंग्या निघतील, तूप सुकेल, हळद झटकली जाईल असा माझा हिशेब.

त्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची बकरी बांधलेली असते. म्हणजे बांधलेली असायला पाहिजे.

मी आत मोरीच्या दाराशी व्याह्यांची माफी मागून, तेलाची बाटली फटीतून आत देऊन परत येतो, तर गोधडी आपोआप भिंतीवरून सरकत पलीकडं चाललेली. मी झडप घालून हे टोक पकडलं. ते टोक बकरीच्या तोंडात, आणि नेमका तोच कोपरा. पोळीचा वास मुंग्यांपेक्षा बकरीला जास्त लागला असावा. मी ओढू, ती ओढे. जन्मभर मी तारा ताणल्या, पण तारेनं मला असं कधी ताणलं नव्हतं. माझी चप्पल गेली, चष्मा गेला. मी रडवेला होऊन ओरडलो, "सोड, माय, सोड!" तर ती अजून पाय रोवून उभी.

तेवढ्यात माझ्या मागून दोन दणकट हात आले. व्याही होते. उघडे, अंगभर खोबरेल तेल, गांधी उठलेल्या, मिशीत एक मुंगी. त्यांनी गोधडी धरली आणि पवळ्याचा कासरा ओढतात तशी ओढली. फर्रकन आवाज झाला. आम्ही दोघं मागं आदळलो. बकरी पुरणपोळी आणि माझ्या वर्दीचं अर्धं ठिगळ तोंडात घेऊन शांतपणे चघळत उभी राहिली.

मी जमिनीवर बसून गोधडी मांडीत घेतली. कोपरा गेला होता. मधे फाटलं होतं. वर हळद. दारात सुमन उभी, आणि तिच्या हातात माझी सुयांची डबी. मला खरंच रडू आलं. शिवलेली गोधडी गेली त्याचं एक, आणि पुढं कधी शिवता येणार नाही त्याचं दुसरं. ही माणसं मला टीव्हीपुढं बसवून मारणार, हे डोळ्यांसमोर दिसलं.

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते गोधडी उलटी करून पाहत होते. शिवणीत बोटं घालून त्यांनी एकदा ताणली, दोनदा ताणली, मग पाय देऊन ताणली.

"इवाई," ते म्हणाले, "कापड गेलं, पन टाका नाई गेला."

मी नाक पुसलं. "जरा मोठ्यानं म्हणा."

"काऊन?"

"म्हणा ना."

व्याह्यांना मोठ्यानं म्हणायला काय लागतं! ते असे म्हणाले की शेजारचे बाहेर आले. सुमननं ऐकलं. अट तिनंच घातलेली. तिनं डबी ओट्यावर ठेवली आणि ती आत गेली. मला त्या क्षणी व्याह्यांबद्दल इतकं भरून आलं की मी त्यांच्या पाठीवरची मुंगी स्वतःच्या हातानं काढली. म्हटलं, इवाई, तुमच्यासाठी अशीच दुसरी शिवतो.

"माह्यासाठी नोका," ते घाईनं म्हणाले. "मी वाघाचं ब्लँकेट घेतलं. पन पोळ्याच्या सणाले आमच्या पवळ्याले झूल पायजे. मागची झूल त्यानं एका झटक्यात फाडली. तुमच्या टाक्याची असन त टिकन." मग मिशीतली मुंगी झटकून म्हणाले, "अन् तिच्यात घास गीस घालू नोका. आमचा पवळ्या माह्याच हातानं खाते."

आत सुमनच्या हातून काही तरी पडल्याचा आणि मग तिच्या हसण्याचा आवाज आला. ती बरीच हसली.

तर सध्या मी झूल शिवतो आहे. समोरच्या खोलीत ती मावत नाही, म्हणून पलंग अंगणात गेला आहे आणि कुकरही माझ्याचकडे आहे. मी अंदाजानं काम करणारा माणूस नाही, त्यामुळं पवळ्याला मापासाठी मोताळ्याला आणा, असं मी व्याह्यांना कळवलं आहे. आजवर माझ्या हाताची गोडी मुंग्यांना कळली, मग बकरीला कळली, आता बैलाला कळेल. माणसाचा नंबर कधी लागतो, ते पाहू.