खंडेनवमीचा फळा

काष्टीजवळच्या आमच्या शाळेत चौथीच्या बाई माझ्या शेजारच्या वर्गावर आहेत. बोटांत खडू नसला तर त्यांना बोलायला सुचत नाही. चहा पितानाही तो दुसऱ्या हातात असतो. वर्गात डिजिटल फळा आला, तेव्हा त्यांनी त्याला भरतकामाचा पडदा शिवून घातला. "चालू करा की बाई," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उद्या बघू." प्रशिक्षणात मात्र त्या पहिल्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. मी त्यांना हट्टी समजत होतो.

खंडेनवमीला आम्ही शाळेतल्या वस्तूंची पूजा करतो. यंदा मुलींनी पडदा काढून फळा चालू करून ठेवला होता. बाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावून खाली ओढलं, तशी बोटामागून काळी रेघ उमटली. बाई दचकल्या. घाईघाईने तळव्याने पुसायला गेल्या, तर कुंकू फासलं गेलं, पण रेघ गेली.

त्यांनी पुन्हा एक रेघ ओढली. पुन्हा पुसली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, चुकलेलं पुसता येतं व्हय ह्याच्यावर?"

"येतं की."

"मग येवढ्या प्रशिक्षणात हे कुनी सांगितलं कसं न्हाई?"

मीही कधी सांगितलं नव्हतं.

तो पडदा आता खिडकीला आहे. बाई रोज त्या फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकवतात आणि वर्गात जो सगळ्यात गप्प बसलेला असेल, त्याला पुसायला बोलावतात.