उजव्या कानाशी धरलेलं घड्याळ

मी कासमभाईंशी खोटं बोलायचो. रोज सकाळी, डोळे मिटून.

कासमभाई काल गेले. रत्नागिरीला, स्वतःच्या घरी, एकोणनव्वदाव्या वर्षी.

टाइप नात करतेय. चुका तिच्या, रडं माझं.

साठच्या दशकातली गोष्ट. आखातात, दोहा शहरात एका ऑइल कंपनीच्या टेलिफोन एक्सचेंजवर मी ऑपरेटर होतो. वय तेवीस. डोक्याला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, दिवसभर 'नंबर प्लीज'.

मग एक दिवस खोकल्यातून रक्त आलं.
टीबी.

वॉर्ड गावाबाहेर होता. खिडक्यांना जाळी, जाळीपलीकडे वाळू. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. बायको रत्नागिरीत, पोटुशी.

साहेब एकदा बघायला आला. दारातूनच म्हणाला, तीन महिने तुझी खुर्ची ठेवतो, त्यापुढे नाही. खुर्ची गेली की बोटीत बसवून घरी, असं वॉर्डात सगळेच म्हणायचे.

रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. मी भिंतीवर दिवस मोजायचो.

कासमभाई तिथल्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आमच्याच तालुक्यातले, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे. आठवड्यातून दोनदा, इंजेक्शनच्या आधी येऊन रक्त काढायचे.

"तुमच्यापेक्षा मच्छर बरे," मी म्हणायचो.
"कालचं औषध आज किती उरलंय, ते बगतो. गप पड."

एकदा त्यांनी मला काचेची बशी दाखवली. तिच्यात जंतू वाढवलेले, दुधाळ थर. मधल्या खळग्यात माझ्या रक्तातलं पिवळं पाणी. त्या पाण्यात औषध असेल तर भोवतालचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल कडं पडतं. इंजेक्शनला चोवीस तास झाले की औषध निघून जायला हवं, कडं दिसायलाच नको.

माझं दिसत होतं. आणि दर आठवड्याला वाढत होतं.

"तुजी किडनी औषध भायेर टाकत नाय, इब्राहिम. असंच साठत गेलं तर कान जातील. कानात काय वाजतं काय?"

वाजत होतं. पंधरा दिवस सतत शिट्टी. उठून उभा राहिलो की जमीन होडीसारखी हलायची.

"छे," मी म्हणालो.

काय सांगणार? खरं बोललो तर इंजेक्शन बंद, तीन महिने उलटणार, खुर्ची गेली. खोटं बोललो तर कान जाणार, आणि बहिऱ्याला एक्सचेंजवर कोण ठेवतो? इकडे आड, तिकडे विहीर. म्हटलं, आधी इथून सुटू, कानांचं मागाहून बघू. तेविसाव्या वर्षी तेवढीच अक्कल होती.

डॉक्टर कासमभाईंना म्हणाला, पेशंट ठीक आहे म्हणतोय, तुझ्या बशीतच काहीतरी चुकत असेल. त्यांनी बशी पुन्हा लावली. कडं तेवढंच.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. चावीचं, जुनं. माझ्या मागे उभे राहिले.

"डोळे मिट. टिकटिक ऐकली की बोट वर कर."

कानातल्या शिट्टीपुढे मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांच्या हाताला स्पिरिटचा वास यायचा. वास कानाजवळ आला की मी बोट वर करायचो.

"शाबास."

असे चार दिवस गेले. मला वाटलं, जिंकलो.

पाचव्या सकाळी डावा कान. वास आला, बोट वर. उजवा कान. वास आला, बोट वर.

"नक्की?"
"नक्की. चांगली मोठ्याने येतेय."

त्यांनी घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे धरलं. काटा जागचा हलत नव्हता.

"आज चावीच दिली नाय मी."

मी त्यांचे पाय धरले. "डॉक्टरला सांगू नका, कासमभाई. खलास होईन मी."

ते खाटेवर बसले. टीबीवाल्याच्या खाटेवर तेव्हा कुणी बसत नसे.

"तू आत अडकलायस, मना दिसतंय. पण बहिरा झालास तर भायेर पडून पण आतच राहशील रे."

आणि उठून थेट डॉक्टरकडे गेले.

इंजेक्शन बंद झालं. पुढे सुरू केलं ते अर्धं, तेही दिवसाआड. दर वेळी कासमभाई कडं मोजायचे आणि मगच सिस्टर सुई उचलायची. तीन महिन्यांचे सात झाले. खुर्ची गेली. मुलगी झाल्याचं पत्र मी जाळीच्या आतच वाचलं.

त्या सात महिन्यांत मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या नातीला टाइप करायला सांगू शकत नाही.

बोटीत मात्र बसवलं नाही. नशिबाने स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून घेतलं. कासमभाई रस्त्यात दिसले की मी मान फिरवायचो.

मग दोन वर्षांनी पहिल्या सुट्टीत घरी गेलो. डावा कान ठार बंद होता. ओटीवर बसलो होतो, तर उजव्या बाजूने कुणीतरी अगदी पुसट म्हणालं, "अब्बा."

मी वळलो.

परत आल्यावर आधी त्यांची खोली गाठली. नजमा मोहल्ल्यात सहा जणांत राहायचे. दारात उभा राहिलो. त्यांनी घड्याळ काढून उजव्या कानाशी धरलं.

मी आधी काटा फिरतोय का ते बघितलं.

"शाना झालास," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

पुढे साठ वर्षं जेव्हा जेव्हा भेटलो, सलामआधी घड्याळ.

काल त्यांच्या मुलीचा, नसीमचा फोन आला. रडून आवाज बसलेला, कुजबुजल्यासारखा. "चाचा, अब्बा गेले."

फोन उजव्या कानाशी होता. एक शब्द सुटला नाही.

अल्लाह तुमच्यावर रहम करो, कासमभाई.

ऐकू येतंय.
या वेळी खरं सांगतोय.