नोंदवहीत न लिहिलेलं नाव

आप्पा गेल्याचा कंग्राळीहून फोन आला, तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून त्यांनीच सांगितलेलं पान टाईप करत होते... संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं होतं.

माझे हे चुलते नोकरीची सगळी वर्षं कोकणातल्या एका जुन्या बंदराच्या दीपस्तंभावर राखणदार होते. निवृत्त होऊन गावी, कंग्राळीला आले, शेत बघू लागले. दीपस्तंभ पाडणार असं कानावर आलं आणि त्यांनी त्याचा इतिहास लिहायला घेतला. हात थरथरायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचे. आधी रॉकेलचा दिवा होता, भोवती माणसाएवढं भिंग, ते फिरवायला किल्ली द्यायचं यंत्र. वीज फार नंतर आली. हे सगळं भराभर सांगत. एका वादळापाशी मात्र अडत. पाणी मागत, उठून दारापर्यंत जाऊन येत. "उद्या सांगतो गं." उद्या सांगायला हे असतील का, याची मला धास्ती वाटायची.

शेवटच्या रविवारी बोलले. वादळात यंत्र बंद पडलं, होड्या अजून बाहेर होत्या. तिथले मदतनीस, निपाणीचे कांबळे, उजाडेपर्यंत हातानं भिंग फिरवत राहिले. सगळ्या होड्या परत आल्या. दीपस्तंभाच्या नोंदवहीत मात्र नाव बंदरावरच्या साहेबांचं लागलं.

"लिवलं कुणी?" मी विचारलं.

"मीच. साहेब म्हणाले लिव, मी लिवलं." मग म्हणाले, "कांबळ्यानं बघितलं. कायबी बोलला न्हाय."

आप्पा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी निपाणीला गेले. कांबळे केव्हाच वारले होते; त्यांची मुलगी तिथं वकील आहे. तिला पान वाचून दाखवलं. आप्पांना ती काय म्हणेल... तिनं पान माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचलं.

"बाबांचा उजवा खांदा वर उचलत न्हवता," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचे, जुनं दुखणं हाय. हे घरात कधी सांगितलं न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या आप्पांनी खोटं लिवलं, तेबी छापणार?"

"व्हय," मी म्हणाले. घरी कुणाला विचारलं नव्हतं. हे कळल्यापासून चुलतभाऊ माझ्याशी नीट बोलत नाही.

परवा कंग्राळीला गेले होते. दिवेलागणीला काकूंनी अंगणातला बल्ब लावला, घड्याळ बघितलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वेळ लिहिली. दीपस्तंभावरच्या सवयीनं आप्पा रोज असंच लिहायचे आणि पुढं सही करायचे. सहीची जागा काकूंनी मोकळी ठेवली होती.