नसलेल्याला मारलेल्या हाका

सुहास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच प्रोग्रामवर चिडून बसलो होतो. मिरजेच्या दवाखान्यातून त्याची ताई बोलत होती. "सुहास गेला रं..." आणि लगेच, "आईला सांगू नगंस. तिचं काळीज न्हाई टिकायचं." अंत्यविधीही मिरजेतच उरकला. त्याला आता महिना होत आला.

कुपवाडच्या एका खोलीत आम्ही दोघं कारखान्यांची आयफोनवरची ॲप सांभाळायचो. तीही ऑब्जेक्टिव्ह-सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली, जिला आता कुत्रं विचारत नाही. सुहासला मात्र तिचंच वेड. प्रोग्राममधल्या एका ऑब्जेक्टनं, म्हणजे घटकानं, दुसऱ्याला किती घट्ट धरायचं, हे तिच्यात एका शब्दात लिहितात. 'स्ट्राँग' लिहिलं की धरलेला जात नाही. कुणीच धरणारं उरलं नाही की तो आपोआप मोकळा होतो. पण दोघांनी एकमेकांना स्ट्राँग धरलं, तर काम संपलं तरी दोघंही अडकून पडतात. 'वीक' लिहिलं की समोरचा गेल्यावर ती जागा रिकामी होते आणि तिला मारलेली हाक मुकाट विरते. जुना 'असाइन' तेवढा घातकी.

"त्याला गड्या, समोरचा गेलाय ह्येच कळत न्हाई," सुहास म्हणायचा. "जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय आन् सगळं ॲप आडवं करतोय."

परवा तसलाच एक असाइन सापडला. वीक केला, ॲप पडायचं थांबलं... आणि मी ढसाढसा रडलो. कारण टेबलावर, खोलीवरच राहिलेला सुहासचा फोन वाजत होता. वडूजहून त्याची आई रोज लावते. तो परदेशी कामाला गेलाय, तिथं रेंज नसते, असं ताईनं तिला सांगून ठेवलंय. मला ते सोसेना. ताई काय म्हणायचं ते म्हणो, म्हणून मी वडूज गाठलं.

ताई दळणाला गेली होती. काकींनी, म्हणजे सुहासच्या आईनं, मला जवळ बसवलं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "सुहास न्हाई, व्हय?"

माझी मान खाली गेली.

"मला कवाच कळलंय. पोरीला सांगू नगंस. माझ्यापायी उभी हाय ती, कोसळंल."

मग रोज फोन का लावता, असं मी कसंबसं विचारलं.

"न्हाई लावला तर तिला कळंल न्हवं."

दोघींपैकी कुणाचा हात सोडवू? खोलीवर येतो आणि आधी सुहासचा फोन चार्जिंगला लावतो.