बोटीवरचं इंग्रजी

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यावर वासूभाईचं नाव होतं. आमचा नियम असा की त्याचा फोन आला की पहिलं वाक्य इंग्रजीत बोलायचं, मग आजूबाजूला कोणी का असेना. मी म्हणालो, "गुड इव्हनिंग, कॅप्टन." जरा फणकाऱ्यानंच म्हणालो, कारण सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता आणि नेमका तो दिवस माझ्या मुलाखतीचा होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला. "गजानन काय तुमी?" मी हो म्हणालो. "मी ह्यांची बायको. हे सकाळी गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" "गेले म्हणजे गेले," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं.

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर बाकावर बसल्या बसल्या तो कलंडला होता. लोकांनी रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, पण तोवर संपलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. वासूभाई रेडीचा, वेंगुर्ल्याच्याही पलीकडचा, गोव्याच्या हद्दीजवळचा. घर सोडून तो फारसा कुठे जात नसे. आणि सकाळी आठ वाजता तर तो माझी शेवटची तयारी करून घ्यायला फोनवर यायचा होता. मग तो वेंगुर्ल्याच्या स्टँडवर काय करत होता?

मी वाशीमकडचा. आठवीनंतर शाळा सुटली, सोडली म्हणा. इकडेतिकडे करत मालवणला एका फ्लेक्सच्या दुकानात लागलो. वाढदिवसाचे बोर्ड, जत्रेचे बोर्ड, श्रद्धांजलीचे बोर्ड, सगळं कॉम्प्युटरवर जुळवायचं आणि छापायचं. राहायलाही दुकानाच्याच माळ्यावर. मालकांनी गेल्या वर्षी सांगितलं की ते दुकान आवरून मुलाकडे ठाण्याला जाणार. तेव्हापासून माझी झोप उडाली. आठवी पास माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? तारकर्लीकडे एक नवं रिसॉर्ट होत होतं. तिथल्या एका माणसानं सांगितलं, काउंटरवर माणसं घेणार आहेत, कागद फार बघत नाहीत, पण इंग्रजी बोलता आलं पाहिजे. कुडाळला क्लास होता. त्याची फी ऐकून मी पायरीवरूनच परत आलो.

मग कुणीतरी मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तिथे फी नव्हती. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं आणि बदल्यात आपल्याला हवं ते शिकून घ्यायचं. कोण गिटारच्या बदल्यात गाडी शिकत होतं, कोण केकच्या बदल्यात हिशेब. मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, आणि शेवटी टाकलं: बोलायचं इंग्रजी पाहिजे, बदल्यात बोर्ड आणि पत्रिकेचं डिझाइन शिकवीन. दोन दिवस कुणी विचारलं नाही. मग एक आवाजी मेसेज आला. घोगरा, मागे कोंबड्या. "माका घराचो बोर्ड करूचो आसा. दोन खोल्यो भाड्यान दितलंय. इंग्रजी येता, पण बोटीवरचा हां. चलता तर सांग."

वासूभाई मालवाहू बोटीवर होता. दहावी नापास होऊन समुद्रावर गेला आणि चढत चढत सुकाणूवर उभा राहिला. इंग्रजी तो कुठल्या कुठल्या देशांच्या खलाशांकडून शिकला, शिव्यांपासून सुरुवात करून. मग एकदा मेडिकलला त्याचं हृदय नापास झालं आणि कंपनीनं घरी बसवलं. हे त्यानं मला अगदी सहज सांगितलं. "दहावीक नापास, मेडिकलाक नापास. तू आठवी. दोघांचा मिळान एक मॅट्रिक होवचा नाय." पहिल्या दिवशी मी घाबरून "मले नाही जमत" असं म्हणून गेलो. घाबरलो की माझी गावची भाषा बाहेर येते. तो खूप हसला. "तुजा मले नि माजा माका. मास्तर दोघांकय बडवतलो." त्यानंतर मी त्याला कधी अहोजाहो केलं नाही. त्यानंच करू दिलं नाही.

त्याची शिकवायची एकच रीत होती. बोटीवर वरून हुकूम आला की सुकाणूवरचा माणूस तो आधी मोठ्यानं परत म्हणतो. मगच चाक फिरवतो. समजलं असं नुसतं म्हणून चालत नाही, मान हलवून तर नाहीच. तो म्हणायचा, "समुद्रात माणसा वादळान कमी मरतत रे. एकान सांगितलेला दुसऱ्यान वेगळाच ऐकलेला असता." म्हणून माझाही धडा तसाच. तो इंग्रजीत प्रश्न विचारणार, मी प्रश्न परत म्हणणार, मग उत्तर देणार. "यू आर आस्किंग माय नेम, सर. माय नेम इज गजानन, सर." सुरुवातीला मला हे खुळ्यासारखं वाटे. पण प्रश्न तोंडानं परत म्हणेपर्यंत छातीतली धडधड खाली बसते आणि शब्द सापडतात, हे हळूहळू लक्षात आलं. त्यानं मला इंग्रजी कमी शिकवलं. घाबरलेलं असताना उभं राहायला शिकवलं, असं मी म्हणेन.

माझा तास मात्र त्याला जड जाई. बोर्डावर त्याला सगळं हवं असायचं. बोट, माड, सूर्य, बांगडा, यशवंतगड, आणि कोपऱ्यात हात जोडलेली बाई. मी सांगायचो, भाई, मोकळी जागा सोड, डोळ्याला श्वास लागतो. तो म्हणायचा, "मोकळी जागा बघूक माणूस रेडीक कित्याक येतलो? ती तेच्या घराकडे नाय?" तरी शिकला. एकेक करून सूर्य काढला, बांगडा काढला. बोट काही निघेना. फोनवर आमची त्या बोटीवरून भांडणं व्हायची, आणि मागून त्याची बायको म्हणायची, "काढा ती बोट आता. बोटीन तुमका काढल्यान तरी तुमी तिका काढूक नाय."

इतकं सगळं झालं, पण मी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. कॅमेरा लावला की तो बोर्ड जुळवायच्या जुन्या टॅबकडे नाहीतर समुद्राकडे वळवायचा. "माजा थोबाड बघून तुका इंग्रजी येवचा नाय." मला माहीत होता त्याचा अंगठा, नखावर काळा डाग असलेला, जो स्क्रीनवर अक्षरं ओढत असे. एकदा भेटू, एकदा भेटू असं चालायचं. आठवड्याची सुट्टी मला नव्हती, आणि त्याला प्रवास झेपत नसे.

मुलाखत ठरली. आदल्या दिवशी मी त्याला इतक्या वेळा फोन केला की तो वैतागला असता तर नवल नव्हतं. मी म्हणालो, भाई, मी जातच नाही. हे गेलं तर मला गावी परत जावं लागेल, आणि गावी जाऊन मी करू काय? तो म्हणाला, "आता नीज. सकाळी आठाक बघूया."

सकाळी आठच्या आधी त्याचा मेसेज आला. एकच शब्द: येतंय.

रेडीत त्याच्या घरी नेटवर्क नीट नसायचं. मागच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, जाऊन उभं राहिलं की यायचं, वारा फिरला की जायचं. आमचे निम्मे मेसेज नेटबद्दलच असत. नेट गेलं, नेट येतंय, थांब जरा. मी वाचलं, नेट येतंय. मी लिहिलं, ठीक आहे, थांबतो. कानात वायर घालून माळ्यावर बसलो. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन लावला तर लागेना. शेवटी उठलो, शर्ट घातला आणि निघालो. रस्ताभर मी त्याच्यावर चिडलो होतो. भीतीपेक्षा राग बरा असतो म्हणतात, तेवढाच काय तो आधार.

आत तीन माणसं होती. मधल्या साहेबांनी काही विचारलं. मी प्रश्न परत म्हणालो, मग उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, तसंच. तिसऱ्याला ते हसले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं की तू प्रत्येक प्रश्न परत का म्हणतोस? मी तोही परत म्हणालो. मग म्हणालो, माझ्या मित्रानं असं शिकवलं, ही वॉज ऑन अ शिप. वॉज म्हणजे आता तो बोटीवर नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ते साहेब म्हणाले, काउंटरवर अशीच माणसं हवीत, निम्म्या तक्रारी नीट न ऐकल्यानं होतात. एक तारखेपासून ये. त्या वेळी साधारण साडेअकरा झाले असतील. वासूभाईला जाऊन दोन तास झाले होते. नंतर मी ते 'वॉज' किती वेळा मनात उच्चारलं असेल, सांगता येत नाही.

मी रेडीला पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ओटीवर खुर्चीवर फोटो, फोटोला हार, पुढे समई. मी त्या फोटोपुढे उभा राहिलो आणि मला काहीच वाटलं नाही. गोल चेहऱ्याचा, जाड मिशांचा कुणी गृहस्थ. मी ज्याला ओळखत होतो तो माणूस बारीक अंगाचा होता, मीच केव्हातरी तसा ठरवून ठेवला होता. वहिनींनी पाणी आणून दिलं. त्यांचा आवाज मात्र ओळखीचा निघाला, बोटीवरून भांडणाचा. तो ऐकला आणि तिथे मला रडू फुटलं.

पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, वहिनी, भाई वेंगुर्ल्याला कशाला गेला होता?

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे? तुमच्याकडेच येय होते. पोरगो घाबरता, भायर झाडाखाली बसान रवतंय म्हणाले. मी म्हटलंय, तुमका झेपाचा नाय. ऐकूक नाय. रिक्षान वेंगुर्ल्यापर्यंत, थंयसून एसटीन मालवण. तुमका मेसेज केल्यानी ना? तुमचा उत्तर माका दाखवल्यानी, म्हणाले, बघ, तो थांबतंय म्हणालो."

येतंय...

आमच्याकडे 'येतंय' म्हणजे काहीतरी येतंय. पाणी येतंय, नेट येतंय. मालवणीत माणूस स्वतःबद्दल तसं म्हणतो. मी येतंय, मी जातंय. इतकी वर्षं मालवणात राहून हे माझ्या कानावर रोज पडत होतं. पण बोलताना पुढे 'मी' असतो. लिहिताना त्यानं घाईत तो गाळला, आणि मी माझ्या गावचा अर्थ लावला. त्यावर मी जे लिहिलं ते दोन्ही अर्थांना चपखल बसलं. मी थांबतो म्हणालो नेटसाठी. त्यानं वाचलं, गजा आपल्यासाठी थांबतोय. वेंगुर्ल्याच्या त्या बाकावर बसून तो हाच विचार करत असणार की पोरगा तिकडे वाट बघतोय आणि गाडी काही येत नाही. मी मात्र शर्टाची बटणं लावत होतो. परत म्हणून दाखवायचं, मगच चाक फिरवायचं, हे ज्यानं शिकवलं त्याचाच एक शब्द मी परत म्हणून दाखवला नाही.

वहिनींना मी हे तेव्हा सांगितलं नाही. सांगून त्यांचं काय हलकं झालं असतं? पण काउंटरवर उभा राहायला लागल्यापासून हे माझा पिच्छा सोडत नाही. पाहुणे विचारतात, खोली तयार आहे का, मी त्यांचा प्रश्न परत म्हणतो, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघतो तो थोडा घोगरा असतो. सोबतचा मुलगा म्हणतो, तू इंग्रजी बोलताना वेगळाच माणूस होतोस. काचेच्या दारातून बाहेर सुरूचं एक झाड दिसतं. त्याखाली कोणी टेकलेलं दिसलं की मी हातातलं काम ठेवून बघतो. बारीक अंगाचा माणूस असला तरी बघतो, जाड मिशांचा असला तरी बघतो. दोघांपैकी कोण येईल हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात वासूभाईच्या नंबरावरून पुन्हा फोन आला. मी उचलला, आणि पहिलं वाक्य इंग्रजीत येता येता राहिलं. वहिनी होत्या. दोन खोल्या त्यांना चालवायच्या आहेत. बोर्ड अर्धा राहिला आहे, तो कसा पुरा करायचा, आणि फोनवर पाहुण्यांना फोटो कसे पाठवायचे, हे शिकायचं आहे. मी म्हणालो, मी करून पाठवतो. "नको," त्या म्हणाल्या, "माका शिकूचा आसा. पण तुमच्यात बदली लागता ना? माका काय येता? जेवण येता, आणि झाडू."

मी म्हणालो, "वहिनी, मला मालवणी शिकवा."

"मालवणी काय शिकतत, खुळ्या? ती येता आपसूक." पहिल्यांदाच त्या थोड्या हसल्या.

"मला नाही आली," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. मेसेज, नेट, माझं थांबतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते गेले तेव्हा त्यांका ठावक होता, कोणतरी थांबलो आसा. ह्या खोटा होता तरी त्यांच्यासाठी खराच होता." आणि लगेच, "बस आता. म्हण माझ्या मागसून."

अशी आमची अदलाबदल सुरू झाली. माझ्या वाट्याला बोर्ड शिकवणं आलं. बोट आम्ही हलवली नाही, तिच्याभोवती मोकळी जागा सोडली आहे. त्यांच्या वाट्याला मी.

"मी येतंय," वहिनी म्हणाल्या.

"मी येतंय."

"तू येतंस."

"तू येतंस."

"तो..."

नेट गेलं नव्हतं. मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. मी थांबलो.