डाव्या विंगेतला राजा

नीलकंठ झाडे बावीस वर्सं दर गणपतीत राजासंगं मेला, पण ते कोणी पाहिलं नाही. कारण तो मरायचा विंगेत. पत्र्याच्या पेटीवर बसून, एका हातात टॉर्च आन् दुसऱ्या हातात नाटकाची वही धरून.

रायपूरच्या एका पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणेश मंडळाकडं नाटक एकच होतं. मंडळाच्याच एका स्वर्गवासी मास्तरानं लिहिलेलं. भावाला मारून राजा गादीवर बसतो, मग त्याची झोप उडते, मग सेनापती त्याला भोसकतो. नवं नाटक कोणी लिहीना आणि जुनं कोणाला पाठ होईना, म्हणून प्रॉम्प्टर लागायचा. नीलकंठाची कुजबूज अशी कसबी, की नटाच्या कानात शिरायची आणि पहिल्या रांगेतल्या म्हातारीला पत्ता लागायचा नाही. एरवी तो पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून. तिथंही त्याचा कोणाला पत्ता नव्हता.

राजा व्हायचा यशवंतराव खोरगडे, रेल्वेतला गार्ड. डोकं नारळाएवढं, आवाज मालगाडीएवढा, पाठांतराच्या नावानं मात्र बोंब. तिसऱ्या अंकात, खुनानंतर, ‘हे हात, हेच ते हात!’ एवढं म्हणून तो दरसाल अडकायचा आणि हात पाहत पाहत डावीकडं सरकायचा. लोकांना वाटे, काय पश्चात्ताप आहे बुवा! तेवढ्यात नीलकंठ पुढचं वाक्य सोडायचा, की गाडी निघाली.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि ज्याच्या त्याच्या अंगात राजा शिरला. चौबे कॉलनीतला चपराशीसुद्धा ‘आमचं मंत्रालय’ म्हणू लागला. त्या पहिल्याच गणपतीत नाटकाला खुद्द एक मंत्री येणार असं ठरलं.

मुकुट आणायला नीलकंठ गोल बाजारामागच्या गल्लीत गेला. तिथं कांताबाई नाटकाचे कपडे भाड्यानं द्यायची.

“त्या खोरगड्याच्या टकुऱ्यासाठी दरसाल यात टॉवेल कोंबा लागते,” ती म्हणाली. “तुमी घालून पाहा बरं.”

नीलकंठानं घातला. डोक्यावर नेमका बसला.

“अगाई! ना टॉवेल, ना काही! झाडेभाऊ, हा मुकुट तुमच्याच मापाचा आहे. एक ना एक दिवस तुमच्याच डोक्यावर येते, लिहून घ्या.”

कांताबाई असं सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगायची. हनुमानाची शेपटी नेणाऱ्यालाही. पण नीलकंठ घरी आला तो मान ताठ ठेवूनच.

त्यानं बायकोला, कलावतीला, सारं सांगितलं. ती चुलीपाशी वांगं भाजून राहिली होती.

“मंग त्यात खोटं काय? बावीस वर्सं झाले, घास तुमी चावता आन् ढेकर तो देते. लोकं ढेकराले टाळ्या वाजवते.”

“अवं, पण राजा तो आहे ना.”

“तुमी एक दिवस चूप बसा. मंग पाहू कोण राजा आहे.”

कलावती बोलली आणि वांग्याची सालं काढता काढता विसरून गेली. नीलकंठ विसरला नाही.

नाटक रंगलं. मंत्री पहिल्या रांगेत सोफ्यावर. तिसरा अंक आला. “हे हात, हेच ते हात!” यशवंतराव गरजला आणि डावीकडं सरकला. नीलकंठाचं बोट पुढच्या वाक्यावरच होतं. त्यानं टॉर्च विझवला.

“नील्या,” ओठ न हलवता राजा म्हणाला.

नीलकंठानं चष्मा काढून पुसायला घेतला. इतकं मन लावून त्यानं तो कधीच पुसला नव्हता. राजानं हात पुढून पाहिले, मांगून पाहिले, बोटं मोजली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “भैया, हाथ में काँटा चुभ गया क्या?” हॉल हसला. मंत्रीही हसला. पडदा पाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतराव दारात उभा. नीलकंठानं तीन थापा तयार ठेवल्या होत्या, एकही लागली नाही.

“माहं डोकं गेलं, नील्या. तू सांगतलं असशीन, मले आयकूच नाही आलं.”

नीलकंठानं चहा पुढं सरकवला.

यशवंतराव समता कॉलनीतल्या डॉक्टरला कान दाखवून आला. कान चांगले निघाले, म्हणून डॉक्टरानं डोक्यासाठी बदाम सांगितले, रोज सात, भिजवून. वर्षभर त्यानं बदाम खाल्ले आणि पुढच्या गणपतीआधी मंडळात स्वतःच उभा राहून बोलला, “औंदा राजा नीलकंठ. नाटक त्यालेच पाठ आहे. पेटीवर मी बसतो.”

मुकुट टॉवेलाशिवाय बसला. तालमी व्हरांड्यात झाल्या, सगळे हातभर अंतरावर, म्हणून कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. मंत्री या वर्षी आला नाही. त्याचं खातं बदललं होतं. पण हॉल भरला होता. नीलकंठ झगा सावरत पुढं आला, छाती फुगवली आणि कुजबुजला.

“आवाज!” लोक ओरडले.

त्यानं जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. कुजबूजच निघाली, फक्त जास्त कळवळ्याची. बावीस वर्सं गळ्याला जसं वळण लावलं, तसाच तो वळला. तिसऱ्या रांगेत त्याची पोट्टी रीना ओढणीत तोंड लपवून बसली. दोन अंक त्यानं असेच ढकलले.

“हे हात, हेच ते हात...” आणि पुढचं गेलं. ज्याला अख्खं नाटक पाठ, त्याचं पुढचं वाक्य गेलं. तो हात पाहत पाहत डावीकडं सरकला.

पेटीवर यशवंतराव होता. टॉर्चचा उजेड वहीवर, डोळे नीलकंठाच्या तोंडावर. लय वेळ तो पाहतच राहिला. नीलकंठाला वाटलं, आता विझवते. बरोबरच आहे, विझवलाच पाहिजे.

मग विंगेतून मालगाडी सुटली. “ज्या हातांनी भावाला वाढलं, त्याच हातांनी त्याचा दिवा मालवला!”

यशवंतरावाला हळू बोलता येतच नव्हतं. वर टांगलेल्या मायकानं शब्द अन् शब्द उचलला. टाळ्या पडल्या. तिथून पुढं राजा नुसतं तोंड हलवत गेला आणि विंग बोलत गेली. राजा मेला तेव्हा बायांनी डोळे पुसले.

“पापा, एक्टिंग अच्छी थी,” रीना आत येऊन म्हणाली. “आवाज़ किसकी थी?”

ती गेल्यावर यशवंतराव पेटीवरून उठला नाही.

“नील्या, इथं बसलं ना, की राजाचं तोंड लय साफ दिसते. अटकला की लगेच समजते.”

“हव.”

“माहंही दिसलं असन तुले.”

नीलकंठाच्या तोंडाला रंग होता, तरी ते पांढरं पडलं. “दिसलं,” तो म्हणाला. ही कुजबूज मात्र जिथं पोचायची तिथं पोचली.

यशवंतराव थोडा वेळ टॉर्च लावत-विझवत बसला.

“सालभर बदाम खाल्ले बे मी! पोटाचं पार वाटोळं झालं. माही बायको मले बदामी हलवा म्हणून हाका मारते!”

“मार मले.”

“आता काय मारू? आताच तं मेला तू.”

नीलकंठानं मुकुट काढला. खुंटीवरचा टॉवेल घेतला, चार घड्या घालून मुकुटात कोंबला, बोटानं चारी बाजूंनी दाबून पाहिला आणि यशवंतरावाच्या नारळावर ठेवला.

“सरक,” तो म्हणाला. “पेटी माही आहे.”